पाचाचे तीन पाव

क्लेमेंटीन टीचर कुणाला उलट बोलली, असं वसईतल्या वटारच्या बाजूला कधी कुणी ऐकलं नव्हतं. निर्मळला माहेर, वटारला सासर आणि नोकरी मधल्या गावातल्या चर्चच्या शाळेत. लग्नाआधीपासून तीच शाळा. तिचा नवरा सॅमी केळीची आणि मोगऱ्याची वाडी बघायचा. सकाळी तो तिला स्कूटरवरून शाळेच्या फाटकाशी सोडायचा आणि फुलांच्या करंड्या घेऊन तसाच पुढे जायचा. दोन्ही मुलं शिकून नोकरीला लागली होती. आता निवृत्तीपर्यंतची वर्षं शांतपणे जावीत, एवढीच तिची अपेक्षा होती.

शाळा मराठी होती. म्हणजे नव्व्याण्णवच्या जूनपर्यंत होती. बोळिंजकडे एकामागून एक इमारती उठल्या, तिथली मुलं व्हॅनमध्ये बसून लांबच्या इंग्रजी शाळांत जायला लागली, आणि बघता बघता वाडीवाल्यांनीही आपली मुलं त्याच व्हॅनमध्ये कोंबली. पहिलीची निम्मी बाकं रिकामी पडली. तेव्हा फर्डिनंड सर हेडमास्तर होऊन आले आणि त्यांनी कमिटीला सरळ सांगितलं, "इंग्रजी करा, नाहीतर कुलूप लावा."

कमिटीनं इंग्रजी केलं. क्लेमेंटीननं कुरकुर केली नाही. अख्खी उन्हाळ्याची सुट्टी तिनं भाचीकडून इंग्रजी घोटून घेतलं आणि जूनमध्ये तिसरीच्या वर्गावर गणित शिकवायला उभी राहिली. कधी अडखळायची, कधी मुलंच तिला शब्द पुरवायची. पण चाललं होतं.

ऑगस्टमध्ये पाटी आली.

वहीएवढी लाकडी पाटी, वरच्या दोन भोकांतून सुतळी ओवलेली. तिच्यावर इंग्रजीत रंगवलं होतं: मी आज मराठी बोललो. नियम साधा होता. शाळेच्या आवारात जो मराठी किंवा गावची बोली बोलताना सापडेल, त्यानं ती गळ्यात घालायची. दुसरा कुणी बोलताना सापडला, की त्याच्या गळ्यात टाकून मोकळं व्हायचं. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल, त्यानं फाटकाशी उभं राहायचं. सगळी शाळा त्याच्यासमोरून गेली, की मग त्यानं घरी जायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी पुन्हा त्याच्याच गळ्यात.

पहिल्या आठवड्यात मुलांना गंमत वाटली. दुसऱ्या आठवड्यापासून शाळेचा आवाजच बदलला. मधल्या सुट्टीत मुलं घोळक्यानं न बसता दोन-दोन हात अंतर ठेवून डबे खायला लागली. पाटीवालं मूल पाणवठ्याजवळ लपून बसायचं, कुणी ठेचकाळून "आई गं" म्हणतंय का, याची वाट बघत.

"मुलं शिकतायत," फर्डिनंड सर म्हणायचे. "बघा टीचर, महिन्याभरात कशा जिभा वळल्या."

क्लेमेंटीन मान हलवायची. तिला ते आवडत नव्हतं, पण हेडमास्तर ते, आणि शाळा वाचवलेली त्यांनी.

सप्टेंबरात तिसरीला घड्याळ शिकवायचं आलं. क्लेमेंटीननं पुठ्ठ्याचं मोठं घड्याळ केलं, काटे खिळ्यानं बसवले. क्वार्टर पास्ट, हाफ पास्ट, क्वार्टर टू. मुलांची फार गडबड व्हायची. घरी आई सव्वा म्हणते, साडे म्हणते, पावणे म्हणते; शाळेत दुसरंच. एके दिवशी धडा चालू असताना फर्डिनंड सर वर्गात आले. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, लहान काटा पाचाच्या अलीकडे, मोठा नवावर ठेवला आणि पहिल्या बाकावरच्या पिंकीला इंग्रजीत विचारलं, "सांग, किती वाजले?"

पिंकी बोळिंजची. वडील मुंबईला नोकरीला, आई आशालता घरी शिकवण्या घ्यायची. मूळचे कोकणातले. मुलगी हुशार, धिटुकली. तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "सर, पाचाचे तीन पाव!"

वर्गात हशा फुटला. कुणी म्हणालं, "तीन पाव, एक बटर!" बाकं वाजायला लागली. सरांचा चेहरा लाल झाला. ही पोर आपली टर उडवते आहे, असंच त्यांना वाटलं. त्यांनी पाटी मागवली आणि पिंकीच्या गळ्यात घातली.

पिंकीनं टर उडवली नव्हती, हे क्लेमेंटीनला लगेच कळलं. ती भाषा कुणाची, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

चर्चच्या बंगल्यात मागच्या खोलीत एक म्हातारे फादर राहायचे. स्पेनहून तरुणपणी आले, वसईत मुरले आणि आता थकून इथंच राहिले. त्यांचं नाव जुझेप. लोक 'फादर जुजे' म्हणायचे आणि ते दर वेळी दुरुस्त करायचे, "शेवटी प आहे, प! पावातला प." कुणी स्पेनचे फादर म्हटलेलंही त्यांना खपायचं नाही. "मी कातालुन्याचा, आमची भाषाच वेगळी. तुला कुणी मुंबईचा म्हटलं तर चालेल?" मुलं त्यांना खिडकीतून मुद्दाम वेळ विचारायची, कारण फादर गावच्या बोलीत बोलायचे, पण घड्याळ मात्र आपल्या मुलखाचंच सांगायचे. साडेचारला 'पाचाचे दोन पाव'. पावणेपाचला 'पाचाचे तीन पाव'. पिंकी शाळा सुटल्यावर आई येईपर्यंत त्याच खिडकीखाली खेळायची.

त्या दिवशी शाळा सुटताना पाटी पिंकीच्याच गळ्यात होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. ती फाटकाशी उभी राहायची आणि सगळी शाळा तिच्यासमोरून जायची. आशालता रस्त्याच्या पलीकडे छत्री घेऊन उभी असायची, खाली बघत. पोर जवळ आली की दंडाला धरून म्हणायची, "इंग्रजी शिकायलाच घातलंय ना तुला इथं? मग?"

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत क्लेमेंटीननं पिंकीला गाठलं. आजूबाजूला कुणी नाही, असं बघून ती मराठीत म्हणाली, "अगं, सगळी मुलं दिवसभर कुठं ना कुठं बोलतातच. तुला एकही सापडलं नाही?"

"सापडतात की," पिंकी म्हणाली. "काल सुमेध बोलला. माझ्या समोरच बोलला."

"मग दिली का नाहीस?"

पिंकीनं पाटीची सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली. "तो रडतो, टीचर. मी नाही रडत."

आठ वर्षांच्या पोरीनं चार दिवसांत जे केलं होतं, ते वर्गावर उभ्या असलेल्या आपल्याला सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी धजावलं नसतं, हे क्लेमेंटीनला तिथल्या तिथं कळलं.

संध्याकाळी ती बंगल्यावर गेली. फादर जुझेप व्हरांड्यात खुर्ची टाकून वालपापडी सोलत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. आपल्या पावांमुळे पोरीला शिक्षा झाली, हे ऐकून म्हाताऱ्याचे हात थांबले.

"पाटी लाकडाची?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आमच्याकडे अंगठी होती. पितळेची." ते गावच्याच बोलीत बोलत होते. "स्पेनमधली आपसातली लढाई संपली होती, नवं सरकार आलेलं. शाळेत आमची भाषा बंद, बोलायचं ते स्पॅनिशच. जो बोलेल, त्याच्या हातात अंगठी. तो दुसऱ्याला देणार, दुसरा तिसऱ्याला. संध्याकाळी ज्याच्याकडे असेल, त्याला मार. माझं नावसुद्धा बदललं त्यांनी. जुझेपचा होसे केला. कागदावर अजून होसेच आहे."

"आणि वेळ? घड्याळ?"

"घड्याळपण त्यांच्यासारखं सांगायचं. त्यांच्याकडे पाच वाजायला पाव कमी. तुमचं तसंच आहे, पावणेपाच. आमचं उलटं. चार वाजून गेले की आम्ही पाच भरायला घेतो. एक पाव भरला, दोन भरले, तीन भरले, की पाच." ते हसले. "माझी आई स्वयंपाकघरात कुजबुजत वेळ सांगायची. जोरात सांगायला भ्यायची. घड्याळाला काय भ्यायचं, बाय? पण भ्यायची."

"मग ते संपलं कसं?"

"अंगठी? गेली केव्हातरी. पण आम्ही मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला शिकलो होतो. ते फार वर्षं टिकलं. दोन सख्खे मित्र बोलायला लागले, की आधी तिसरा कोण आहे ते बघायचे." त्यांनी पुन्हा शेंग उचलली. "मी तुला काय कर, ते सांगणार नाही. मी पाहुणा. शाळा तुमची."

त्या रात्री जेवताना क्लेमेंटीननं सॅमीला विचारलं, "माझी नोकरी गेली तर?"

सॅमीनं भाकरी मोडता मोडता तिच्याकडे पाहिलं. "का? काय केलंस?"

"अजून काही नाही."

"वाडी आहे," सॅमी म्हणाला. मग हातातली भाकरी ताटात ठेवून, "पण करायच्या आधी नीट विचार कर. फर्डिनंड वाईट माणूस नाही."

"ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर इतके दिवस गप्प बसले."

सकाळी प्रार्थनेला मुलं रांगेत उभी होती. पाटी पिंकीच्या गळ्यात. प्रार्थना संपली, फर्डिनंड सर सूचना द्यायला पुढे येणार, तेवढ्यात क्लेमेंटीन ओळीतून निघाली आणि पिंकीसमोर जाऊन उभी राहिली. आणि मोठ्या आवाजात, आईकडून शिकली होती त्या निर्मळच्या बोलीत, घरी अंगणातून पोरांना हाक मारावी तशी म्हणाली, "पोरी, जेवून आलीस का गं?"

तीनशे माना एकदम तिच्याकडे वळल्या.

"आता ऐकलंस ना मला?" ती म्हणाली. "नियम आहे. दे इकडे."

पिंकी हलली नाही. तिनं सरांकडे पाहिलं, मग टीचरकडे. क्लेमेंटीन तिच्यासमोर वाकली आणि मान पुढे केली. मग पिंकीनं सुतळी डोक्यावरून काढली आणि टीचरच्या गळ्यात घातली. टीचरच्या अंबाड्यात अडकली ती पिंकीनंच दोन्ही हातांनी सोडवली.

"टीचर!" फर्डिनंड सर धावत आले. "हा काय तमाशा आहे? काढा ती!"

"सर," क्लेमेंटीन म्हणाली, "तुम्ही मराठीत बोललात. पाटी तुम्हाला देऊ?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. सर वळून ऑफिसात निघून गेले.

क्लेमेंटीननं दिवसभर पाटी घालून शिकवलं. इंग्रजीत शिकवलं, कारण शाळा इंग्रजी होती आणि ते तिचं काम होतं. शाळा सुटताना ती नियमाप्रमाणे फाटकाशी उभी राहिली. मुलं समोरून जाताना आधी मान खाली घालायची. मग एक मुलगा जवळ आला आणि आपल्या बोलीत म्हणाला, "टीचर, येतो." त्याच्यामागून दुसरी आली. मग सगळीच. प्रत्येकजण थांबून, आपल्या घरच्या भाषेत, "येते टीचर", "जातो टीचर" म्हणून पुढे जायला लागला. पाटी कुणाकडेही जाऊ शकली असती. तिनं कुणाला दिली नाही.

पलीकडे आशालता उभी होती. तिची छत्री आज मिटलेली होती आणि नजर फाटकाकडे होती.

सॅमी स्कूटर घेऊन आला. त्यानं बायकोच्या गळ्यातली पाटी बघितली. फक्त म्हणाला, "बाजारातून जायचंय, मोगऱ्याचे पैसे राहिलेत. ती पाटी काढतेस?"

"नाही."

मग निर्मळच्या बाजारातून स्कूटर गेली, मागे क्लेमेंटीन, गळ्यात पाटी. फुलवाल्या बायकांनी हात दाखवून स्कूटर थांबवली. एकीनं विचारलं, "काय लिवलंय गं त्याच्यावर?" क्लेमेंटीननं वाचून मराठीत सांगितलं. त्या बाईनं हातातला गजरा टोपलीत टाकला. "मंग आमच्या तर गळ्यात जन्मभर पायजे ती," ती म्हणाली आणि मग बराच वेळ शाळेला उद्देशून जे बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण सगळंच असं गेलं नाही. घरी पोचेपर्यंत चुलतदीर येऊन बसला होता. "वहिनी, तुमची पोरं शिकून झाली, लागली नोकरीला. आमच्या पोरांचं काय? शाळा बंद पाडणार काय तुम्ही?" शेजारची आल्बिना अंगणातूनच म्हणाली, "आमचा नातू आता कुठं दोन वाक्यं बोलायला लागला होता, त्यात तुझं हे." क्लेमेंटीननं दोघांना चहा दिला. पाटी काढली नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्साला तशीच गेली. शेजारी बसलेल्या बाईनं मध्ये एका माणसाची जागा सोडली.

कमिटीनं पुढच्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये पालकांची सभा बोलावली. हॉल भरला, लोक खिडक्यांशी उभे. क्लेमेंटीनला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, टीचरनी मुलांसमोर शिस्त मोडली, त्यांनी माफी मागावी, विषय संपेल.

"पाटी बंद होणार असेल तर मागते," क्लेमेंटीन म्हणाली.

"अट घालून माफी नसते, टीचर."

"मग नाही मागत."

हॉलमध्ये गलका उठला. तो शांत होईना, तेव्हा फर्डिनंड सर उठले. त्यांच्या हातात काही नव्हतं. ते शांतपणे, इंग्रजीतच सुरू झाले: ही शाळा बंद पडायला आली होती, आज पहिलीचा वर्ग भरलेला आहे, हे पालकांनी विसरू नये. लोक ऐकत होते. मग ते थांबले. खुर्चीची पाठ धरली आणि मराठीवर आले.

"मी बाविसाव्या वर्षी फोर्टमध्ये मुलाखतीला गेलो होतो. मोठी कंपनी. साहेबानं सांगितलं, पुन्हा या, क्वार्टर टू थ्री. मी मराठी शाळेतला. मला वाटलं, तीन वाजून पाव. सव्वातीनला गेलो, केस विंचरून. शिपाई म्हणाला, साहेब तुझी वाट बघून उठले. जागा दुसऱ्याला गेली." त्यांचा आवाज चढत गेला, आणि चढता चढता ते मराठीही सुटलं आणि खाडीकाठच्या गावची, त्यांच्या आईची बोली तोंडात आली. "मना कोनी सांगलाच नाय! कोनी नाय! पावणे म्हंजे काय नि सव्वा म्हंजे काय त्यांच्यात, मना कोन सांगनार होता? माज्या पोरांवर ती पाली येवाला नको, म्हनून मी..."

त्यांना एकदम ऐकू आलं, आपण काय बोलतोय ते. ते थांबले.

कुणी हसलं नाही. क्लेमेंटीन खुर्चीवरून उठली. तिच्या मनात आलं, इतके दिवस या माणसाला आपण परका समजलो, आणि हा तर आपल्या खाडीपलीकडचाच.

"सर," ती म्हणाली, "तुमचं चुकलं नाही त्या दिवशी. शिकवणाऱ्याचं चुकलं. त्यानं तुम्हाला दोन्ही सांगायला हवं होतं. मी दोन्ही शिकवीन. माझ्या वर्गातल्या एका मुलाचंही क्वार्टर टू चुकलं तर मला घरी पाठवा. पण पिंकीला क्वार्टर टू येत नव्हतं म्हणून तुम्ही तिला काय शिकवलंत? चार दिवस फाटकाशी उभं राहायला. त्यानं तिला घड्याळ आलं?"

"नाही आलं," मागून आवाज आला. आशालता उभी राहिली होती. तिचा चेहरा घामानं डबडबला होता. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती. "घड्याळ मी शिकवलं घरी, दोन दिवसांत. आता तिला येतं. पण घरी आल्यावर ती माझ्याशी बोलायच्या आधी दाराकडे बघते. कुणी ऐकतंय का. माझ्याच घरात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी पैसे भरून इंग्रजी घेतलंय. हे नव्हतं घेतलं."

त्यानंतर बरेच लोक बोलले, कुणी बाजूनं, कुणी विरुद्ध. चुलतदीर विरुद्धच बोलला. सभा रात्रीच्या जेवणाची वेळ टळून गेली तरी चालली. शेवटी अध्यक्षांनी सांगितलं, पाटी बंद. त्याच दमात हेही सांगितलं, की क्लेमेंटीन टीचरना यापुढे तिसरीचा वर्ग मिळणार नाही. माफी मागितली नाही, त्याची ही नोंद. त्यांनी शिशुवर्ग बघावा.

"चालेल," क्लेमेंटीन म्हणाली आणि गळ्यातली पाटी काढून टेबलावर ठेवली. मानेवर सुतळीचा लाल वळ उठला होता.

हॉलबाहेर फर्डिनंड सर एकटे उभे होते. ती जवळून गेली तेव्हा ते इंग्रजीत म्हणाले, शिशुवर्गाचा निर्णय माझा नव्हता. क्लेमेंटीन म्हणाली, "माहितेय, सर." पुढं अनेक वर्षं ते एकाच शाळेत होते. मित्र असे कधी झाले नाहीत. पण त्यांनी तिला पुन्हा कधी टोकलं नाही आणि तिनंही त्यांच्यासमोर कधी मान खाली घातली नाही.

शिशुवर्ग तळमजल्यावर, वाडीच्या बाजूला होता. सोमवारी सकाळी तीन-चार वर्षांची चिल्लीपिल्ली आत आली. टीचर बदललेली बघून निम्मी रडायलाच लागली. एक मुलगा दाराची चौकट धरून भोकाड पसरून आईला हाक मारत होता, त्याच्या बोलीत. दारातून जाणाऱ्या तरुण शिक्षिकेनं चरकून क्लेमेंटीनकडे आणि मग वर ऑफिसच्या दिशेनं पाहिलं.

क्लेमेंटीन खाली जमिनीवर बसली, पोराला मांडीवर घेतलं आणि त्याच बोलीत, वरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, त्याला विचारायला लागली की आज आईनं डब्यात काय दिलंय.